डोंगराकडे तोंड असलेला डबा

"बाबे उद्या येतायत," रोमलाने कढईतल्या मिरच्या परतता परतता सांगितलं, आणि एंकोसच्या हातातला सोफ्याचा लाकडी पाय निसटून त्याच्याच पायावर पडला.

"उद्या? अगं, एवढ्या घाईने?"

"घाई कसली? ताईचं बाळंतपण उरकलं की लगेच येणार होते. जुळी झाली म्हणून तिकडे समुद्रापलीकडे समारिंदाला अडकून पडले. आता ती जुळी पळायला लागली तेव्हा कुठे सुटले." रोमलाने झारा कढईवर आपटला. "आणि अहो कांग, ती अंगठी आजच्या आज तिजोरीतून आणून ठेवा. बाबे फोनवर म्हणालेत, आधी खडा बघीन, मग पाणी पिईन."

एंकोसला घाम फुटला. तसा तो त्याला नेहमीच फुटायचा, आणि खरं सांगायचं तर सगळी भानगड त्या घामापासूनच सुरू झाली होती.

एंकोसचे सासरे, बाबे सार्मिली, यांच्याकडे बाचान बेटावरचा एक हिरवा खडा होता. त्या काळात देपोकपासून बोगोरपर्यंत ज्याला त्याला खड्यांचं वेड लागलं होतं. कारकून, रिक्षावाले, मशिदीच्या ओट्यावरचे म्हातारे, सगळ्यांच्या बोटांत सुपारीएवढाले खडे. पण बाचानची गोष्ट वेगळी. तो जिवंत खडा, असं जाणकार सांगत. अंगाच्या उबेने तो हळूहळू पिकतो. आधी शेवाळल्या पाण्यासारखा गढूळ असतो आणि वर्षानुवर्षं बोटात राहिला की आतून उजळत जातो. बाबेंचा खडा काही केल्या उजळत नव्हता. त्यांना साखरेचा विकार, हात कायम गार. त्यांनी घरातल्या एकेका पुरुषाचं बोट तपासून पाहिलं. शेवटी धाकटीचं लग्न झालं आणि भर पावसातही उघड्या अंगाने घामाघूम होऊन सोफे शिवणारा जावई मिळाला. बाबेंना जावई मिळाल्याचा आनंद झालाच, पण खुडूक कोंबडी मिळाल्याचा जास्त झाला. त्यांनी अंगठी एंकोसच्या बोटात घातली आणि दर रविवारी बॅटरी घेऊन अंड्याची प्रगती बघायला येऊ लागले.

बाबे समारिंदाला गेले त्याच सुमाराला एंकोसला देपोकच्या रेल्वे डेपोत काम मिळालं. जपानमधून आणलेल्या जुन्या लोकलगाड्या तिथे दुरुस्तीला यायच्या, त्यांच्या गाद्या नव्याने भरायच्या होत्या. एका डब्यात, चालकाच्या खोलीला लागून असलेल्या कोपऱ्यातल्या गादीत कोपरापर्यंत हात घालून त्याने फोम कोंबला, टाके घातले, आणि संध्याकाळी नळावर हात धुताना पाहतो तर बोट रिकामं! दुसऱ्या दिवशी धावत डेपोत गेला तोवर गाडी कामावर निघून गेली होती. आज ना उद्या येईल, असं म्हणता म्हणता कंत्राट संपलं.

रोमलाला त्याने सांगितलं की डेपोत अंगठी घालू देत नाहीत, म्हणून साहेबांच्या तिजोरीत ठेवलीय. बाबेंचं मात्र अवघड होतं. दर रविवारी फोन.

"कसाय रे?"

"पिकतोय, बाबे."

नुसत्या 'पिकतोय'वर बाबेंचं भागेना. मग एंकोसने थोडा गढूळपणा कमी केला. पुढे कडेने उजेड आणला. एकदा सोफ्याचं मोठं काम मिळालं त्या आनंदात त्याने मधला ढगही काढून टाकला. आता तर खडा "पानावरच्या दवासारखा, आणि मधोमध कुणी दिवा लावून ठेवल्यासारखा" झाला होता, आणि समारिंदातल्या सगळ्या खडेवाल्यांना त्याची कीर्ती पाठ होती.

जेवण तसंच टाकून एंकोस डेपोवर गेला. फाटकावरचा पहारेकरी जुना ओळखीचा. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"ती गाडी? तिची केव्हाच ताटातूट झाली. यातले डबे काढून त्यात, त्यातले काढून यात. आता कुठला डबा कुठे गेला ते आम्हालाही चटकन सांगता यायचं नाही. तू चितायामच्या डॉक्टर तिगोरकडे जा."

"कसला डॉक्टर?"

"दाताचा. पण तुला हवंय ते तोच सांगेल. सुटीच्या दिवशी त्या कुंपणाला चिकटून उभा असतो कॅमेरा घेऊन. आमचे साहेब त्याला घाबरतात."

डॉक्टर तिगोरांच्या दवाखान्यात गर्दी होती. काउंटरवरच्या बाईंनी एंकोसपुढे नंबराचा बिल्ला सरकवला.

"दाताचं काही नाही हो," एंकोस म्हणाला. "डॉक्टरांना एका गाडीबद्दल विचारायचंय."

"मग तर नंबर घ्यावाच लागेल. डॉक्टरीणबाईंचा नियम आहे. खुर्चीत आडव्या नसलेल्या माणसाशी डॉक्टरांनी गाड्यांविषयी बोलायचं नाही."

एंकोस आडवा झाला. वर पाहतो तर छतभर गाड्यांचे फोटो. पिवळ्या पट्ट्याच्या, लाल पट्ट्याच्या, पावसात भिजणाऱ्या, केळीच्या बागेतून येणाऱ्या. मधोमध डॉक्टर तिगोरांचा रुंद, हसरा चेहरा उगवला.

"आ करा. अरेरेरे! ही दाढ तर कामातून गेलेली!"

"दाढ राहू द्या डॉक्टर. मला एक डबा शोधायचाय. देपोकच्या डेपोत मी त्याच्या गाद्या भरल्या. चालकाची खोली असलेला डबा होता. नंबर मी बघितला नाही. पण खिडकीतून समोर दुसऱ्या डब्याचं तोंड दिसायचं, अगदी टेकून. दोघं एकमेकांकडे बघत बसल्यासारखे."

डॉक्टरांच्या हातातली सुई हवेत थांबली. "दोन तोंडं समोरासमोर? गाडीच्या मधोमध?" त्यांचा आवाज, जो एरवी रस्त्यापलीकडे ऐकू जायचा, एकदम खाली आला. "म्हणजे सहा अधिक सहा! लाए, तुम्ही त्या गाडीत बसून काम केलंत?" डॉक्टर बाताक होते, आणि बाताक माणूस खुशीत आला की समोरच्याला लाए, म्हणजे मेहुणा, करून टाकतो; एंकोस दोन मिनिटांत लाए झाला होता. "थांबा, आधी ही दाढ बधिर करू, मग निवांत बोलू. दुखलं तर डावा हात वर करा."

इंजेक्शन टोचलं गेलं, तोंडात कापूस गेला. डॉक्टर चिमटा हातात घेऊन विचारात पडले.

"प्रश्न असा आहे, की त्या दोघींपैकी तुमची कोणती? जाकार्ताकडे बघणारी की बोगोरकडे? तुम्ही तिच्या तोंडाकडे तोंड करून बसायचात ना? मग आठवा. सकाळचं ऊन कुठल्या बाजूने यायचं?"

एंकोसला आठवलं. ऊन डाव्या हातावर यायचं, मनगट भाजायचं. त्याने डावा हात वर केला.

"दुखतंय? बरं बरं." डॉक्टरांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. "हां, तर ऊन कुठून?"

एंकोसने पुन्हा डावा हात वर केला.

"अजून दुखतंय? कमाल आहे!" तिसरं इंजेक्शन.

आता एंकोसचे ओठ, गाल, नाक आणि एक कान, काहीच त्याचं राहिलं नव्हतं. त्याने जिवाच्या आकांताने डावा हात वर धरला आणि उजव्या हाताने त्या डाव्या हाताकडे बोट दाखवत राहिला. डॉक्टर त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर उजाडलं.

"डावीकडून! ऊन डावीकडून! म्हणजे तोंड दक्षिणेला! लाए, तुमची ती डोंगराकडे तोंड असलेली! सालाकच्या डोंगराकडे बघणारी!" आणि त्या आनंदाच्या भरात त्यांनी दाढ उपटून काढली.

एंकोसच्या तोंडात रक्ताने भिजलेला कापूस होता, तो काही बोलणारच नव्हता, त्यामुळे डॉक्टरांना रान मोकळं मिळालं. ते चाकाच्या स्टुलावर बसले आणि छताकडे बोट दाखवत सांगू लागले.

"त्या सहाजणी एकाच जहाजातून उतरल्या. बहिणी. तिकडे तोक्योच्या बाजूच्या गावांतून माणसं ने-आण करण्यात त्यांची जवानी गेली. बर्फ पडायचा टपावर. आपल्याकडे आल्या तेव्हा सहा डब्यांची गाडी कुणाला पुरणार? म्हणून दुसऱ्या सहाजणींशी जोडून दिल्या. दोन घरं, एक चूल. तुम्ही गाद्या भरल्यात तो हाच काळ. पुढे तुमच्या घरातल्या दोघींच्या मोटरी जळाल्या. त्या दोघी मोडीत गेल्या. दोघींना लांबच्या गाडीत दिलं, एकीला आणखी कुठे. तुमची तेवढी उरली. तिला कुणी घेईना."

डॉक्टर उठून दुसऱ्या कोपऱ्यातल्या फोटोखाली गेले.

"ही बघा. डेपोच्या मागच्या गवतात उभी. वायपरवर वेल चढलाय. चालकाच्या खुर्चीवर मांजर व्यायली होती, मी स्वतः पिल्लं मोजली. मला वाटलं, संपलं. आणि मग एका फाटकात टोफूचा ट्रक अडकला! माणसं सगळी सुखरूप, टोफूचा मात्र रस्ताभर सडा. पण त्यात एका गाडीचं बोगोरकडचं तोंड चेपलं. लाए, धड शाबूत आणि तोंड गेलेलं! आता डोंगराकडे बघणारं तोंड आणायचं कुठून?" डॉक्टरांनी हात पसरले. "गवतातून! वेल कापला, मांजरीला हलवलं, आणि हिला तिथे जोडलं. आज ती जी गाडी धावते ना, तिच्यात चार गाड्यांचं रक्त आहे. पट्टेसुद्धा एका रेषेत येत नाहीत. लोक रोज चढतात, उतरतात, कुणाला पत्ता नाही!"

एंकोस छताकडे बघत राहिला. कित्येक आठवडे तो तिच्या पोटात बसून होता आणि त्याला फक्त गाद्या दिसल्या होत्या. कुठलं ते बर्फ, कुठलं जहाज, कुठलं गवत, आणि अजून ती धावतेच आहे. त्याच्या अंगावर काटा आला. निदान जिथवर अंग जागं होतं तिथवर आला.

"उद्या ती आपल्याच मार्गावर आहे," डॉक्टर म्हणाले. "मी कळवतो. कपाळाच्या डाव्या कोपऱ्याला पोचा आहे, बघा म्हणजे पटेल. गाडी जाकार्ताकडे निघाली की शेवटचा डबा."

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी सांगितली नाही, कारण त्यांना पोलादापलीकडे काही दिसतच नव्हतं. मधला डबा शेवटी आला की नुसती त्याची जागा बदलत नाही. गाडीचे पहिला आणि शेवटचा हे डबे बायकांचे असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोमला बाबेंना आणायला बोगोरच्या बस थांब्यावर गेली. "अंगठी घेऊनच या," ती जाताना म्हणाली. एंकोसने मान डोलावली. त्याचा गाल फणसाएवढा सुजला होता आणि जीभ जड झाली होती, त्यामुळे खोटं बोलण्याचे कष्ट वाचले.

चिलेबुतला गाडी आली. शेवटच्या डब्याच्या कपाळावर डाव्या कोपऱ्यात पोचा! दारावरची गुलाबी पट्टी, त्यावरचं बाईचं चित्र, काही म्हणता काही त्याला दिसलं नाही. तो आत शिरला, थेट चालकाच्या खोलीजवळच्या कोपऱ्यात गेला, खिशातून गादी उसवायची आकडेदार सुई काढली आणि तिथे बसलेल्या धिप्पाड बाईंच्या पायाशी उकिडवा बसून गादीखाली हात घातला.

त्यानंतर काय झालं ते त्याला क्रमाने आठवत नाही. किंकाळी आठवते. छत्र्या आठवतात. कुणीतरी जेवणाचा डबा पाठीत घातला, तो भरलेला होता. त्याने जीव तोडून सांगायचा प्रयत्न केला, "माझी अंगठी! माझी!" पण सुजलेल्या तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मादी! मादी!"

"काय म्हणतोय मेला?"

"मादी म्हणतोय!"

"बायकांच्या डब्यात शिरून मादी म्हणतोस? थांब, दाखवते तुला मादी!"

चितायामला रक्षकाने त्याला बायकांच्या हातून सोडवलं आणि स्टेशनच्या कचेरीत नेऊन बसवलं. तिथले अधिकारी गंभीर प्रकृतीचे होते. त्यांनी सुई टेबलावर ठेवली आणि एंकोसच्या फोनवरून त्याच्या बायकोला बोलावून घेतलं.

रोमला आली ती एकटी नव्हती. तिच्यामागून, डोक्यावर काळी टोपी आणि काखेत मासळीच्या कुरकुऱ्यांचं मोठं खोकं घेऊन, बाबे सार्मिली आत आले.

"आपले मिस्टर," अधिकारी म्हणाले, "एका बाईंच्या सीटखाली हात घालत होते. हातात हे हत्यार. आणि तोंडाने नको ते शब्द."

"मादी अंदी," एंकोस कळवळून म्हणाला. "गादीत... अंदी..."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला नवऱ्याचं कसलंही बोलणं कळतं. रोमलाने डोळे बारीक केले. "तुमची अंगठी? गादीत?"

बाबे एकेक पाऊल टाकत पुढे आले.

"तिजोरीत आहे ना रे अंगठी?"

एंकोसने नकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

एंकोसने हाताने समारिंदाच्या दिशेला, विमानासारखी एक लांबलचक कमान काढून दाखवली.

"म्हणजे मी गेल्यापासून? आणि ते... दवासारखा? दिवा लावल्यासारखा?"

"खोतं, बाबे," एंकोसच्या डोळ्यांत पाणी आलं. "थगळं खोतं."

बाबे मट्कन खोक्यावर बसले. आतून कुरकुऱ्यांचा चुरा होत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते आपल्या गार हातांकडे बघत म्हणाले, "तिकडे सगळ्यांना सांगून आलो रे मी."

एंकोसला वाटलं, कालच्या दाढेबरोबर आपली मानही उपटली असती तर सुटलो असतो. तेवढ्यात टेबलावर त्याचा फोन किणकिणला. डॉक्टर तिगोरांचा निरोप: 'म्हातारी जाकार्ताहून वळली. परत येतेय. आता ती सगळ्यात पुढे!'

रोमलाने तो वाचला. नवऱ्याकडून तिने तोंडाने नाही तर खुणांनी सगळी हकिगत काढून घेतली; सहा अधिक सहा, गवत, मांजर, टोफू. मग ती टेबलाजवळ गेली.

"ती सुई द्या इकडे."

"बाई, गाडीची गादी उसवायची परवानगी मी देऊ शकत नाही."

"उसवायची कोण म्हणतंय? ती शिवली कुणी? यांनी. टाका चुकला कुणाचा? यांचा. चुकलेला टाका आम्ही फुकटात घालून देतोय, त्यालाही परवानगी?"

अधिकाऱ्यांनी आपला डावा हात टेबलाखाली घेतला. मग हळूच विचारलं, "त्या अंगठीत खडा कुठला आहे?"

"बाचान," बाबे पुटपुटले.

"खरा बाचान?" अधिकाऱ्यांनी हात वर काढला. त्यांच्या मधल्या बोटात कवडीएवढा तांबूस खडा होता. ते उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "मी सोबत येतो."

गाडी आली. रोमला पुढच्या डब्यात चढली. तिघं पुरुष त्याच्या मागच्या डब्यात शिरले आणि दोन डब्यांमधल्या दाराच्या काचेला नाकं लावून उभे राहिले. मध्ये अधिकारी, एका खांद्यावर सासरे, दुसऱ्यावर जावई.

ऐकू काहीच येत नव्हतं. दिसत होतं ते असं: कोपऱ्यातल्या जागेवर एक पोटुशी बाई तोंड उघडं टाकून झोपली होती. रोमला तिच्यापुढे उभी राहिली. तिला उठवायला तिचा हात होईना. शेजारच्या म्हातारीने काहीतरी विचारलं. रोमलाने सांगितलं. म्हातारीने वळून काचेतून एंकोसकडे पाहिलं आणि ओढणीने तोंड झाकलं. मग तिने पलीकडच्या मुलीला सांगितलं. ती मुलगी वळली. मग तिच्या पलीकडची. बातमी डब्यात लाटेसारखी सरकत गेली आणि लाट जिथे पोचेल तिथली मान काचेकडे वळत गेली. शेवटी अख्खा डबा एंकोसकडे बघून हसत होता.

"काय सांगतेय ती?" बाबेंनी विचारलं.

"खलं थांगतेय," एंकोस म्हणाला.

हसण्याने पोटुशी बाई जागी झाली. तिला गोष्ट पुन्हा सांगण्यात आली. चार जणींनी तिला फुलासारखं उचलून दुसरीकडे बसवलं. दोघींनी ओढण्या पसरून आडोसा केला. रोमला खाली बसली. तिने दोन टाके उसवले, बाही सारली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. डबाभर कुणी हलेना. नेहमी एकमेकींना कोपरांनी ढकलणाऱ्या त्या बायका श्वास धरून उभ्या होत्या.

आधी एक केसातली पिन निघाली. मग पितळेचं एक बटण, त्यावर कसलंसं फूल कोरलेलं, इथल्या कुठल्याच शाळेचं नव्हे असं. मग रोमलाचा हात थांबला. तिने मूठ बाहेर काढली, उघडली, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

बोगोर आलं. सगळा डबा उतरला, पण घरी कुणी जाईना. फलाटावर रोमलाभोवती बायकांचं कडं झालं. बाबे त्यातून वाट काढत गेले. त्यांनी खिशातली बॅटरी काढली आणि खड्याखाली धरली.

खडा उजळला. गढूळपणाचा मागमूस नव्हता. पानावरच्या दवासारखा स्वच्छ, ओला हिरवा उजेड त्यातून बाबेंच्या हनुवटीवर पडला, आणि मधोमध, अगदी मधोमध, कुणी दिवा लावून ठेवला होता.

"या अल्ला," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी टोपी काढली.

इतके रविवार एंकोस जे जे खोटं सांगत आला होता, त्यातला शब्दन् शब्द त्याच्यापुढे खरा होऊन चमकत होता. त्याने मान वळवून त्या डब्याकडे पाहिलं. ती शांत उभी होती, कपाळावर पोचा, दारं उघडी, समोर ढगांत बुडालेला सालाक. भल्या पहाटे बाजाराला जाणाऱ्या, संध्याकाळी कारखान्यातून परतणाऱ्या, दमलेल्या, झोपलेल्या किती बायकांची ऊब तिने आपल्या पोटात जपून ठेवली होती, कुणास ठाऊक. त्याच्या एका बोटाला जे जन्मभर जमलं नसतं ते तिने बसल्या जागी, छे, धावता धावता केलं होतं.

"कुणाची ही ऊब?" बाबेंनी दबक्या आवाजात विचारलं.

"आमची!" डब्यातली ती शेजारची म्हातारी ठसक्यात म्हणाली, आणि कडं पुन्हा हसलं.

बाबेंनी अंगठी बोटाजवळ नेली आणि एकदम थांबले. ती बाई काय म्हणाली, ते त्यांच्या हळूहळू लक्षात येत होतं. ते मानेपासून कानापर्यंत लाल होत गेले. ते नेमस्त गृहस्थ. परक्या बाईच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीवरसुद्धा लगेच बसायचे नाहीत. आणि हा खडा तर... इतक्या जणींच्या... इतके दिवस... खालीच...

"बाबे, घाला की," रोमला म्हणाली.

"हे बघ पोरी," बाबेंनी रुमाल काढला, अंगठी त्यात धरली आणि नजर आभाळाकडे वळवली. "खडा अद्भुत आहे. असा मी जन्मात बघितला नाही. पण मशिदीच्या ओट्यावर कुणी विचारलं, की सार्मिली, एवढा पिकवलास कशावर, तर मी काय सांगू?"

अधिकाऱ्यांनी घाईने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"बायकांनी उजळवलाय," बाबे शेवटी म्हणाले, "बाईच्याच बोटात शोभेल." आणि ज्या अंगठीला त्यांनी आयुष्यात कुणा बाईला हात लावू दिला नव्हता, ती त्यांनी रोमलापुढे केली. तिने ती अंगठ्यात घातली. तिथेच काय ती बसली. बायकांनी फलाटावर टाळ्या पिटल्या, आणि चुरा झालेले कुरकुरे तिथल्या तिथे संपले.

पितळेचं बटण एंकोसने डॉक्टर तिगोरांना नेऊन दिलं. डॉक्टरांनी ते तळहातावर घेतलं आणि दिव्याखाली धरून फिरवून फिरवून पाहिलं. बाहेर रोगी ताटकळत होते. मग ते म्हणाले, "तिकडच्या, तोक्योकडच्या कुणातरी पोराचं असेल. शाळेला उशीर झाला म्हणून धावत चढला असेल." बाबेही सोबत गेले होते. दाताचं काही नसताना ते खुर्चीत आडवे झाले आणि छतावरचे सगळे फोटो ओळीने समजावून घेऊन मगच उठले.

तेव्हापासून रविवारी बाबे बॅटरी घेऊन येत नाहीत. ते डेपोच्या कुंपणापाशी डॉक्टरांशेजारी उभे असतात. परवा जेवताना त्यांना डॉक्टरांचा फोन आला. बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी घास ताटात ठेवला.

"काय झालं, बाबे?" एंकोसने विचारलं.

"म्हातारीची गाडी पुन्हा तोडतायत," बाबे फोनवर हात ठेवून म्हणाले. मग फोनमध्ये, अगदी हळू आवाजात, "मग डॉक्टर, आता कुठे दिली तिला?"

पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगितलं जात होतं. बाबे ऐकत होते. हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

"मोठं घर आहे म्हणतात. बाराजणी आहेत. दोघी तर तिच्या सख्ख्या बहिणीच निघाल्या." ते उठून चपला शोधू लागले. "आपण उद्याच बघून येऊ. आणि रोमला, रिकाम्या हातांनी कसं जायचं? काहीतरी बांधून दे."